आजार एकच, वाटा चार

बेलवली हा बदलापूरच्या पश्चिमेकडील भाग. कल्याणहून पुढे जाणारा लोहमार्ग १८५६ साली येथून धावू लागला आणि पुढील शतकात उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही नोकरदारांची गावे बनली. समजा, बेलवलीतील एका इमारतीत चार शेजारी राहतात. एक अंबरनाथच्या खाजगी कारखान्यात कामाला, दुसरा रेल्वेत, तिसरा केंद्र सरकारच्या मुंबईतील कचेरीत आणि चौथा राज्य शासनाच्या सेवेत. चौघांनाही हृदयविकार जडला, तर शरीरात घडणारी क्रिया एकच असेल. उपचाराचा खर्च मात्र चार वेगवेगळ्या नियमांनी भागवला जाईल. चौघे निवृत्त झाले की हे अंतर आणखी वाढेल. असे का झाले, हे समजण्यासाठी आपल्याला थोडे गणित आणि थोडा इतिहास पाहावा लागेल.

प्रथम गणित. समजा, दर १०० माणसांमागे वर्षाला एकाला मोठा आजार होतो आणि त्याचा खर्च १ लाख रुपये येतो. एक हजार माणसांनी एकत्र यायचे ठरवले, तर वर्षाला सरासरी १० जण आजारी पडतील. एकूण खर्च १० लाख, म्हणजे प्रत्येकी १,००० रुपये. एखाद्या वर्षी ७ जण आजारी पडतील, एखाद्या वर्षी १३. पण अंदाज फारसा चुकणार नाही. हाच प्रयोग दहा माणसांनी केला तर? बहुतेक वर्षी कोणीच आजारी पडणार नाही. पण एक जण जरी आजारी पडला, तरी प्रत्येकाला एकदम १०,००० रुपये काढावे लागतील. गट जितका मोठा, तितका अनिश्चिततेचा भार हलका. विम्याचे सारे तत्त्व एवढेच आहे.

आता वय विचारात घेऊ. साठीच्या पुढे हेच प्रमाण शंभरात ५ धरले, तर केवळ वृद्धांच्या गटात प्रत्येकी ५,००० रुपये पडतील. पण ८०० तरुण आणि २०० वृद्ध यांचा एकच गट केला, तर खर्च ८ लाख अधिक १० लाख, म्हणजे १८ लाख होतो आणि प्रत्येकी फक्त १,८०० रुपये येतात. तरुणपणी थोडे जास्त द्यायचे आणि म्हातारपणी पुष्कळ कमी, असा हा व्यवहार आहे. म्हणून आरोग्यविम्यात हप्ता किती यापेक्षा गटात कोण कोण आहे, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

इतिहासात या गटाच्या रेषा कशा आखल्या गेल्या? जर्मनीत बिस्मार्कच्या काळी, १८८३ साली, कामगारांसाठी सक्तीच्या आजारविम्याचा कायदा झाला. हप्त्याचा भार मालक आणि कामगार दोघांनी उचलायचा होता. ब्रिटनने १९११ साली तसाच मार्ग धरला. भारतात १९४३ साली प्रा. बी. पी. अडारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखण्याचे काम सोपवले गेले. १९४४ साली त्यांचा अहवाल आला, १९४८ साली कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे कामगार राज्य विमा योजना सुरू झाली. उल्हासनगरचे कामगार विमा रुग्णालय याच योजनेचे. आपला पहिला शेजारी या गटात मोडतो. मात्र त्याचे वेतन ठरावीक मर्यादेत असले तरच. ही मर्यादा १ जानेवारी २०१७ पासून महिना २१,००० रुपये करण्यात आली.

सरकारी नोकरांची वाट निराळी निघाली. अडारकरांचा अहवाल आला त्याच वर्षी, १९४४ साली, केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी वैद्यकीय उपचारांचे नियम झाले. येथे हप्ता नव्हता. अधिकृत डॉक्टरांकडून उपचार घ्यायचे आणि खर्चाची प्रतिपूर्ती मागायची. मालक या नात्याने सरकारने दिलेली ही सवलत होती. त्यामुळे नोकरी संपली की सवलतही संपत असे. महाराष्ट्र राज्याने १९६१ साली केलेले नियमही मुख्यतः सेवेतील कर्मचाऱ्यांचाच विचार करतात. आजारांची खरी सुरुवात जेथे होते, नेमक्या त्याच वळणावर छत्र काढून घेतले जाते, हा या पद्धतीतला दोष आहे.

१९५४ साली दिल्लीत केंद्रीय सरकारी आरोग्य योजना सुरू झाली. तीत कर्मचाऱ्याने दरमहा वर्गणी द्यायची आणि योजनेच्या दवाखान्यांतून उपचार घ्यायचे. मुंबईत ती १९६३ साली आली. पुढे निवृत्तांनाही तिचे सभासदत्व मिळू लागले. दहा वर्षांची वर्गणी एकदम भरली की कार्ड आयुष्यभर चालते. म्हणजे मासिक वर्गणी ४५० रुपये असेल, तर ५४,००० रुपये एकदाच. येथे तरुण आणि वृद्ध एका गटात आले आणि उरलेला भार सरकारी तिजोरीने उचलला. रेल्वेनेही १९९७ सालच्या योजनेत आपल्या निवृत्तांसाठी अशीच, एकदा पैसे भरून कायम उपचार मिळण्याची सोय ठेवली.

पण या योजनेला दवाखान्याच्या हद्दीची रेषा आहे. जे निवृत्त कर्मचारी हद्दीबाहेर राहतात, त्यांना डिसेंबर १९९७ पासून महिना १०० रुपये वैद्यकीय भत्ता मिळू लागला. जुलै २०१७ पासून तो १,००० रुपये झाला. रोजच्या गोळ्यांना त्याची मदत होते. पण भत्ता म्हणजे विमा नव्हे. वर्षाचे १२,००० रुपये सर्वांना सारखेच मिळतात. ज्याला लाखाची शस्त्रक्रिया करावी लागते, त्यालाही तेवढेच. म्हणूनच भत्ता घेऊन, रुग्णालयात दाखल होण्यापुरते योजनेचे कार्ड घेण्याची मुभा ठेवलेली आहे. राज्य शासनाच्या निवृत्तांसाठी गेल्या दशकात गटविमा निघाला. त्याचा हप्ता मात्र निवृत्तानेच भरायचा असतो. वृद्धांचाच गट केल्यावर हप्त्याचे काय होते, हे आपण वर पाहिलेच आहे.

न्यायालयांनी या रेषा थोड्या पुसट केल्या आहेत. १९९५ साली ॲसबेस्टॉस कामगारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, आरोग्याचा हक्क नोकरी संपल्यावरही उरतो. २०१८ साली, शिवकांत झा यांच्या खटल्यात, रुग्णालय योजनेच्या यादीत नाही एवढ्याच कारणाने निवृत्ताचा दावा नाकारता येणार नाही, असा निर्णय त्याच न्यायालयाने दिला.

शिक्षकांना हा विषय वर्गात घेता येईल. विद्यार्थ्यांनी आपल्या गल्लीतील दहा घरांत विचारावे: आजारपणाचा खर्च कोणत्या योजनेतून होतो आणि घरातील कर्ती व्यक्ती निवृत्त झाल्यावर ती योजना चालू राहते का? नावे न लिहिता तक्ता करावा आणि सरासरी काढावी. आपल्या गल्लीत किती रेषा आखलेल्या आहेत आणि कोणत्या घरांवर एकही छत्र नाही, हे त्या तक्त्यातून दिसेल. नव्या योजनेची घोषणा वाचताना मग हप्त्याच्या आकड्याआधी गटात कोणाला घेतले आणि कोणाला वगळले, याकडे त्यांचे लक्ष जाईल.