साथीत राबलेले हात

साथ आली म्हणजे गाव दारं लावून घेतं. पण काही माणसांना दार उघडून बाहेर पडावंच लागतं. ही माणसं कामावर मेली तर घरच्यांचं काय, याचा थोडाफार विचार आपल्याकडे झाला. ती जगली पण कामाला निकामी झाली तर काय, हा प्रश्न मात्र फार वर्षं मागेच राहिला.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. तेव्हा म्युनिसिपालिटीला धास्ती पडली ती हलालखोरांची, म्हणजे मैला-कचरा उचलणाऱ्यांची. ते घाबरून गावी निघून गेले तर मुंबई सडेल! कमिशनर स्नो यांनी सक्तीचे नियम पुढे सैल केले, त्यामागे हीही भीती होती. इतके ते हात मोलाचे. पुढे ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला. कायदा कसला, चार कलमांचं चिठोरं! त्यातल्या चौथ्या कलमात संरक्षण आहे खरं. पण ते कशापासून? कायद्याखाली काम करणाऱ्यावर खटला होऊ नये, एवढ्यापुरतं. झाडूवाल्याला गाठ आली आणि तो वाचूनही खंगला, तर त्याच्या पोटाचं काय, याबद्दल त्यात अवाक्षर नाही.

१९१८ चा इन्फ्लुएन्झा घ्या. १० जूनला मुंबईत सात पोलीस शिपाई तापाने दवाखान्यात दाखल झाले. त्यांतला एक गोदीवर पहाऱ्याला होता. म्हणजे साथीची पहिली झळ सरकारी चाकरालाच लागली. ६ ऑक्टोबरला एका दिवसात शहरात ७६८ माणसं दगावली. खेड्यांत काय झालं, ते १९२१ च्या शिरगणतीच्या अहवालात सापडतं. जन्ममृत्यूची नोंद ठेवणारेच आजारी पडले, आणि कित्येक ठिकाणी नोंदच थांबली. मेलेल्यांचा नक्की आकडा आपल्याजवळ नाही, त्याचं हे एक कारण. शिक्षकबंधूंनी हे मुलांना अवश्य सांगावं.

आता मुळशी तालुक्यातल्या ताम्हिणीसारखं घाटातलं गाव डोळ्यांपुढे आणा. धो धो पाऊस, लांब लांब वाड्या. त्या काळी अशा गावांतून सरकारचा निरोप पायी पोचवायचा तो महार वतनदाराने. त्याला पगार नाही. वतनाची जमीन आणि बलुतं, एवढंच. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं बिल आणलं. वतनदार हजर नसला तर त्याच्या घरच्या माणसाला कामावर ओढतात, हे त्यांचं एक गाऱ्हाणं होतं. म्हणजे बाप आजारी, तर मुलगा कामाला! याला निवृत्ती कसली म्हणायची? अखेर १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतनं गेली.

पगारी नोकराची वाट निराळी. १९२३ च्या कामगार भरपाई कायद्यात धंद्यातल्या रोगाला इजा मानलं. पण संसर्गाचा रोग म्हणाल तर यादीत एक काळपुळी होती. दवाखान्यात-प्रयोगशाळेत लागणारे संसर्गजन्य रोग यादीत यायला १९८४ साल उजाडलं. आपल्या राज्याच्या १९८२ च्या निवृत्तिवेतन नियमांत 'रुग्णता निवृत्तिवेतन' आहे. ते कसं मिळतं? वैद्यकीय मंडळाने दाखला द्यायचा की, हा मनुष्य सरकारी कामाला कायमचा असमर्थ आहे. दहा वर्षं भरली असली तर वेतन. नाहीतर एकरकमी उपदान. नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना हा आसरा नव्हता. मार्च २०२३ मध्ये संप झाल्यावर तो मिळाला.

माझ्या मते याहून मोठी गोष्ट २०१६ च्या दिव्यांग कायद्यात आहे. सरकारी नोकराला नोकरीत असताना अपंगत्व आलं, तर त्याला काढता येत नाही की हुद्दा उतरवता येत नाही. जुनं काम जमत नसेल तर त्याच पगारावर दुसरं काम द्यायचं. तशी जागा नसेल तर खास जादा पद निर्माण करायचं. १९९५ च्या कायद्यातही हे होतं. पुष्कळांना ते ठाऊक नसतं, आणि तेच बिचारे आपल्या हातांनी राजीनामा लिहून देतात!

२०२० साली कोरोना आला. केंद्राने आरोग्यसेवकांसाठी पन्नास लाखांचा विमा काढला. आशाताईही त्यात होत्या. पण तो मृत्यूसाठी. फुप्फुसं अधू होऊन घरी बसलेल्याला त्यातून पैसा नव्हता.

त्या सप्टेंबरात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत याच आशाताई दारोदार तपासणी करत हिंडल्या. त्या कागदोपत्री स्वयंसेविका, मानधन नि मोबदला घेणाऱ्या. मग रुग्णता निवृत्तिवेतन कुठलं? अंगणवाडीच्या बायांना उपदानाचा हक्क आहे, असं सुप्रीम कोर्टाने एप्रिल २०२२ मध्ये सांगितलं. आशाताईंसाठी राज्याने २०२४ साली ठरवलं की, कामावर असताना अपघाताने मृत्यू आल्यास दहा लाख, कायमचं अपंगत्व आल्यास पाच लाख. घाटात पाय घसरला, तर तो अपघात, हे कोणीही मान्य करील. पण रोग्याच्या घरी जाऊन लागलेला ताप अपघातात धरायचा की नाही, हे विचारायचं अजून बाकी आहे.