संगणकाची जाग

दुरुस्तीस दिलेलें यंत्र घरीं आणावें, मोठ्या आशेनें त्याची कळ दाबावी आणि पडद्यावर अंधारच राहावा, हा अनुभव आतां घरोघरचा झाला आहे. बीड जिल्ह्यांतील घाटनांदूरहून आपला लॅपटॉप घेऊन अंबाजोगाईस किंवा लातुरास जाणाऱ्या विद्यार्थ्याला तो जितका जाचतो, तितकाच पुण्यामुंबईच्या गृहस्थालाहि. मग यंत्र कायमचें गेलें, कारागिरानें फसविलें, असे नाना तर्क सुरू होतात. परंतु संगणक जागा कसा होतो, याचा इतिहास ठाऊक असेल तर त्या अंधाराचा अर्थ लावणें फारसें कठीण नाहीं. तोच इतिहास आज थोडक्यांत सांगावयाचा आहे.

संगणकाला प्रत्येक काम आज्ञांच्या आधारें करावें लागतें. त्या आज्ञा स्मृतींत भरणें हेंहि एक कामच. मग पहिली आज्ञा त्याला कोणीं द्यावी? केंब्रिज येथें ६ मे १९४९ रोजीं 'एड्सॅक' या संगणकानें आपलें पहिलें गणित सोडविलें, तेव्हां या कोड्याचें उत्तर डेव्हिड व्हीलर यांनीं तयार ठेवलें होतें. एकतीस आरंभींच्या आज्ञा, दूरध्वनिकेंद्रांत त्या काळीं वापरीत तशा फिरत्या स्विचांवर तारांनीं कायमच्या जोडून ठेवल्या होत्या. कळ दाबली कीं त्या स्मृतींत उतरत आणि पुढील आज्ञा कागदी फितीवरून वाचून घेत. आपल्याच बुटाचा बंद ओढून स्वतःला वर उचलावें, तसा हा प्रकार. म्हणून इंग्रजींत त्याला तेंच नांव पडलें. संगणक 'बूट होतो' असें आज आपण म्हणतों, तें त्याचेंच संक्षिप्त रूप होय.

आपल्या प्रांतांतहि ही विद्या लवकरच आली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत नरसिंहन् यांच्या नेतृत्वाखालीं बांधलेला संगणक फेब्रुवारी १९६० मध्यें पूर्णपणें चालू झाला आणि १९६२ सालीं पंडित नेहरूंनीं त्याचें 'टिफ्रॅक' असें नामकरण केलें. सुमारें २,७०० निर्वात नळ्या, १,७०० डायोड आणि १२,५०० रोधक एवढा त्याचा पसारा होता. स्मृति मात्र अवघी २,०४८ शब्दांची. नळ्यांच्या यंत्रांच्या त्या पिढींत एखादी नळी जळणें ही नित्याचीच गोष्ट. ती बदलली म्हणजे लागलीच खरें काम हातीं घेत नसत. आधीं परीक्षेचीं गणितें चालवून उत्तरें ताडून पाहत. दुरुस्ती आणि परीक्षा यांची सांगड अशी जुनी आहे.

१२ ऑगस्ट १९८१ रोजीं आयबीएम कंपनीनें आपला वैयक्तिक संगणक जाहीर केला, आणि हें परीक्षकाचें काम यंत्राकडेच आलें. मदरबोर्डावरील एका चकतींत कायमच्या कोरलेल्या आज्ञा वीज येतांच स्मृति, कळफलक इत्यादि अवयव क्रमानें तपासूं लागल्या. सारें ठीक असेल तर एकच लहानशी शीळ वाजे. शीळ अशासाठीं, कीं कदाचित् पडदाच बिघडलेला असावयाचा! १९८४ च्या पुढल्या यंत्रांत घड्याळ व मांडणीची टिपणें जपणाऱ्या स्मृतीला लहानशा बॅटरीचा आधार मिळाला. आजच्या लॅपटॉपाचा हाच वारसा आहे. कित्येकांत शिळेच्या जागीं दिव्याची उघडझाप आली, इतकेंच. घाटनांदूरच्या रेल्वे स्थानकावर बसलेला प्रवासी जाणतो, कीं इंजिन सज्ज असलें तरी पुढील मार्ग मोकळा असल्याची खूण मिळाल्यावांचून गाडी हलत नाहीं. संगणकाचेंहि तसेंच आहे. तो कोणत्या खुणेपाशीं अडला, एवढेंच आपण ओळखावयाचें.

दिवाच लागत नसेल तर प्रश्न विजेचा. चार्जर काढून, आणि बॅटरी निघण्यासारखी असल्यास तीहि काढून, कळ अर्धा मिनिट दाबून धरावी व मग केवळ चार्जरवर यंत्र चालवून पाहावें. दिवा लागला, पंखा फिरला, पण पडदा काळाच राहिला, तर संशय रॅमवर किंवा पडद्याच्या पट्टीवर घ्यावा. बाहेरचा पडदा जोडून चित्र उमटलें तर दोष बहुधा लॅपटॉपाच्या पडद्याकडे असतो. रॅम नवी घातली असेल तर थोडें थांबावें; तिची चाल जुळवून घेण्यास कित्येक यंत्रांना पहिल्या वेळीं कांहीं मिनिटें लागतात. कंपनीचें नांव उमटून 'डिस्क सांपडत नाहीं' असें दिसलें, तर डिस्क मेली असें एकदम मानूं नये. तिची जोडणी सैल राहिलेली असते, किंवा बॅटरी काढल्यामुळें मांडणीचीं टिपणें पुसून मूळ स्थितीवर गेलेलीं असतात.

सर्वांत कठीण प्रसंग निराळाच. २००७ सालीं सर्वत्र विक्रीस आलेल्या 'विंडोज व्हिस्टा'च्या कांहीं आवृत्त्यांपासून डिस्कवरील मजकूर कुलूपबंद करण्याची सोय झाली. पुष्कळ नव्या लॅपटॉपांत तर ती आपोआपच चालू असते. या कुलुपाचें रहस्य बहुधा मदरबोर्डाशीं बांधलेलें असतें. मदरबोर्ड बदलला कीं यंत्र आपल्या धन्यालाच परका समजतें आणि अठ्ठेचाळीस अंकांची किल्ली मागतें. ती बहुधा धन्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्यांत जपलेली असते. पण ती कोठेंच नसेल, तर मुलांचीं छायाचित्रें, शेताच्या कागदांच्या प्रती, वर्षभर खपून लिहिलेला प्रबंध, हें सारें डिस्कवर शाबूत असूनहि हातीं येत नाहीं. किल्ली शोधण्यापूर्वींच घाईनें डिस्क पुसून नवी मांडणी करणारे, मिळण्याजोगें तेंहि गमावतात.

तेव्हां यंत्र दुरुस्तीस देण्यापूर्वीं मजकुराची प्रत व ती किल्ली आपणांजवळ असावी. परत घेतांना तें कारागिरासमोरच चालू करून पाहावें. आणि तरीहि घरीं अडलें, तर ज्या भागाला शेवटचा हात लागला तोच प्रथम तपासावा, एका वेळीं एकच बदल करून. टिफ्रॅकच्या काळीं तज्ज्ञ मंडळी जी शिस्त पाळीत, ती आज प्रत्येक घरानें पाळण्याजोगी आहे.