अमेरिकन बालवीरांची पत

पत हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. सावकाराकडे ज्याची पत आहे त्याला कर्ज मिळते, आणि गावात ज्याची पत आहे त्याच्या हवाली लोक आपले मूल निर्धास्तपणे करतात. या दोन्ही पती एकाच वेळी गेल्या तर संस्थेचे काय होते, याचे अलीकडच्या काळातील मोठे उदाहरण म्हणजे अमेरिकेची बालवीर संघटना, ‘बॉय स्काउट्स ऑफ अमेरिका’. आपल्याकडे १९५० साली स्थापन झालेली ‘भारत स्काउट्स अँड गाइड्स’ ही निराळी संस्था आहे. पुढील हकिगतीशी तिचा संबंध नाही, हे आधीच सांगितलेले बरे.

बेडन-पॉवेल यांनी १९०७ साली इंग्लंडमधील ब्राउनसी बेटावर मुलांचे पहिले शिबिर भरविले. ती कल्पना डब्ल्यू. डी. बॉइस या शिकागोच्या प्रकाशकाने अमेरिकेत नेली आणि ८ फेब्रुवारी १९१० रोजी संस्था नोंदविली. १९१६ साली अमेरिकन काँग्रेसने तिला सनद दिली. तंबू ठोकणे, नकाशा वाचणे, रानात रात्र काढणे हे सारे तिथे मुले शिकत. १९७० च्या दशकाच्या आरंभी तिची सभासदसंख्या साठ लाखांच्या वर होती. देशाचे राष्ट्राध्यक्ष तिचे मानद अध्यक्ष असत. एवढी प्रतिष्ठा आमच्या कामगार संघटनांना कोणत्याही देशात लाभलेली नाही!

या संस्थेची रचना समजून घेतल्याशिवाय पुढचे कोडे उलगडत नाही. वर राष्ट्रीय संस्था, तिच्याखाली सुमारे अडीचशे स्थानिक कौन्सिले आणि तळाशी गावोगावची पथके. कौन्सिले कायद्याने स्वतंत्र असतात आणि शिबिरांच्या बहुतेक जमिनी त्यांच्याच नावावर असतात. पथकाचे पालकत्व एखादे चर्च, शाळा किंवा क्लब घेतो. जागा त्यांची, नाव वरच्या संस्थेचे आणि प्रत्यक्ष काम गावातल्या बिनपगारी स्वयंसेवकांचे. चांगल्या दिवसांत ही वाटणी सोयीची असते. दोष कोणाचा हे ठरवायची वेळ आली की, प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवू शकतो.

१९२० च्या दशकापासून राष्ट्रीय कचेरीत अपात्र ठरलेल्या स्वयंसेवकांच्या गुप्त फाइली ठेवल्या जात. मुलांवर लैंगिक अत्याचार केल्याचा संशय ज्यांच्यावर होता, त्यांची नावे तिथे असत. अशा माणसाने पुन्हा दुसऱ्या गावी पथकात शिरू नये, हा उद्देश वाईट नव्हता. परंतु त्या फाइली पालकांना दिसत नव्हत्या आणि पुष्कळ वेळा पोलिसांनाही कळविले जात नव्हते. २०१० साली ओरेगॉन राज्यातील पोर्टलंड येथे एका पीडिताच्या दाव्यात ज्युरीने संस्थेला १ कोटी ८५ लाख डॉलर दंडात्मक भरपाई द्यायला लावली. त्या प्रकरणातील सहायक स्काउटमास्तराने १९८३ सालीच कबुली दिली होती, आणि तरीही तो मुलांत वावरत राहिला होता. मग २०१२ साली न्यायालयाच्या आदेशाने १९६५ ते १९८५ या काळातील बाराशेहून अधिक फाइली जनतेपुढे आल्या.

माझ्या मते खरा घात या कुलूपबंद कपाटाने केला. वाईट माणूस कोणत्याही संस्थेत शिरू शकतो, हे पालकांना कळते. पण संस्थेला ठाऊक होते आणि आपल्याला सांगितले नाही, हे ते विसरत नाहीत. गेली तीस वर्षे मी गेटवर वर्गणी गोळा करीत आलो आहे. अफरातफर झाली तर कामगार रागावतो, भांडतो, आणि हिशेब समोर ठेवला की कधी कधी परतही येतो. समितीने अफरातफर दडवली असे कळले, तर तो भांडायलाही येत नाही.

२०१९ साली न्यूयॉर्क, न्यूजर्सी आणि कॅलिफोर्निया या राज्यांनी जुन्या अत्याचारांच्या दाव्यांवरील मुदतीची बंधने सैल केली, तेव्हा वकिलांच्या कचेऱ्यांत रीघ लागली. १८ फेब्रुवारी २०२० रोजी संस्थेने डेलावेअरच्या न्यायालयात दिवाळखोरीचा अर्ज दाखल केला. त्याच सुमारास दुसरा फटका बसला. मॉर्मन चर्चने २०१९ च्या अखेरीस आपली चार लाखांहून अधिक मुले काढून घेतली. पाठोपाठ साथ आली आणि शिबिरे बंद पडली. २०१९ साली वीस लाखांच्या जवळपास असलेली सभासदसंख्या २०२१ साली साडेसात लाखांच्या आसपास आली.

दिवाळखोरी म्हणजे नुसते हात वर करणे नव्हे. सगळे दावे एका न्यायाधीशापुढे आणावयाचे, आणि जे आहे त्याची वाटणी करावयाची. १६ नोव्हेंबर २०२० या शेवटच्या तारखेपर्यंत आलेल्या अर्जांतून दुबार अर्ज वगळले, तरी ८२,००० हून अधिक उरले. ज्या मुलांनी एकेकाळी शपथ घेतली होती, ती आता प्रौढ वयात संस्थेची धनको म्हणून रांगेत उभी राहिली.

ही रांग आम्हा कामगारांना चांगली परिचयाची आहे. गिरणी लिक्विडेशनमध्ये गेली की गहाणवाला धनको पुढे आणि देहाची झीज झालेला मागे, असा जुना शिरस्ता होता. आपल्या देशात १९८५ साली कंपनी कायद्यात दुरुस्ती होऊन कामगारांची देणी गहाणवाल्यांच्या बरोबरीने आली, ती बऱ्याच संघर्षानंतर. अमेरिकन बालवीरांच्या बाबतीतही न्यू मेक्सिकोतील फिलमॉन्ट हे अवाढव्य रान कर्जापोटी बँकेकडे गहाण होते. वेट फिलिप्स या तेलसम्राटाने १९३८ आणि १९४१ साली ते मुलांसाठी दान दिले होते. २०१९ साली त्याचे गहाण उघडकीस आले, तेव्हा जुने कार्यकर्ते हळहळले. पीडितांच्या वकिलांचा प्रश्न वेगळा होता. गहाण पडलेल्या रानातून आमच्या पदरी काय येणार, असे ते विचारीत होते.

अखेर २४६ कोटी डॉलरचा निधी ठरला. त्यात हार्टफर्ड या विमा कंपनीचे ७८.७ कोटी आणि सेंच्युरी या दुसऱ्या कंपनीचे ८० कोटी, म्हणजे जवळजवळ दोन-तृतीयांश रक्कम विम्याची. स्थानिक कौन्सिलांनी मिळून पन्नास कोटींहून अधिक भरले. राष्ट्रीय संस्थेने नॉर्मन रॉकवेल यांची प्रसिद्ध चित्रेही निधीच्या हवाली केली, आणि २०२४ साली त्यांचा लिलाव सुरू झाला. मतदान करणाऱ्या पीडितांपैकी ८५ टक्क्यांहून अधिकांनी योजनेला संमती दिली. १९ एप्रिल २०२३ रोजी संस्था दिवाळखोरीतून बाहेर पडली.

२४६ कोटी भागिले ८२,००० हा हिशेब कोणीही कागदावर करावा. सरासरी ३०,००० डॉलर येतात, तेही खर्च वजा जाण्यापूर्वी. प्रत्यक्षात ज्याला चौकशीच्या फेऱ्यात पडायचे नाही त्याला ३,५०० डॉलर, आणि अतिगंभीर प्रकरणांत लाखो डॉलरपर्यंत, अशी वर्गवारी केली गेली. शंभराहून अधिक पीडितांनी विरोध चालू ठेवला. योजनेने कौन्सिलांना आणि विमा कंपन्यांनाही पुढील दाव्यांतून मुक्त केले होते, हा त्यांचा मुख्य आक्षेप. मे २०२५ मध्ये अपील न्यायालयाने तो फेटाळला. मला तो आक्षेप पोकळ वाटत नाही. ज्याने दिवाळे काढले नाही त्याला दिवाळखोराचे संरक्षण का, हा सरळ प्रश्न आहे. पण खटले आणखी वीस वर्षे चालले असते, तर सत्तरीतल्या पीडिताच्या हाती काय पडले असते, हाही प्रश्न तितकाच सरळ आहे.

पैशाची पत न्यायालयाने अशी बांधून दिली. दुसरी पत कचेरीत बांधता येत नाही. २०२३ साली संस्थेने मुलांच्या सुरक्षेसाठी वेगळा वरिष्ठ अधिकारी नेमला. त्याच वर्षाच्या १ सप्टेंबरपासून शिबिरात मुक्काम करणाऱ्या प्रत्येक प्रौढाने नोंदणी केलीच पाहिजे, असा नियम झाला. अपवाद फक्त धाकट्या पथकांच्या शिबिरात आपल्याच मुलाबरोबर राहणाऱ्या आई-बापांचा. पुष्कळ पालकांना हा जाच वाटला. एका रात्रीसाठी फी भरा, चौकशी करून घ्या, प्रशिक्षण घ्या! त्यात मुलांची वार्षिक फी २०१९ च्या ३३ डॉलरवरून २०२० साली एकदम ६० वर गेली होती. पूर्वीच्या पिढीने केलेल्या अपराधाचे ओझे आजच्या दहा वर्षांच्या पोराच्या घरखर्चात उतरले. त्याला दुसरी वाटही नव्हती, कारण मोठे देणगीदार दूर झाले की संस्थेजवळ फी, शिबिराचे शुल्क आणि मुलांनी दारोदार विकलेल्या लाह्या एवढीच मिळकत उरते.

मुलींना २०१८ पासून धाकट्या पथकांत आणि २०१९ पासून मोठ्या पथकांत प्रवेश मिळाला. फेब्रुवारी २०२५ पासून नावही ‘स्काउटिंग अमेरिका’ असे झाले. सभासदसंख्या दहा लाखांच्या घरात परतली आहे. नाव बदलण्याने पत येते असे मला वाटत नाही, आमच्याकडे संघटनांनी कितीदा नावे बदलली! पण नव्या सभासदांसाठी दार उघडणे वेगळे, आणि त्याला माझा विरोध नाही.

सर्वांत बोलकी गोष्ट कनेक्टिकट राज्यातील डियर लेकची. दोनशे पन्नासहून अधिक एकरांची ही शिबिरभूमी तेथील कौन्सिलने विकायला काढली. घरे बांधणारे टपून बसतील अशी भीती गावाला पडली. तिथेच मुलांचे उन्हाळी शिबिर चालविणाऱ्या पाथफाइंडर्स नावाच्या एका छोट्या संस्थेने लोकांकडून देणग्या जमविल्या आणि २०२२ साली ती जमीन विकत घेतली. मोठ्या कौन्सिलला जी जागा राखता आली नाही, ती राखण्यासाठी त्याच परिसरातील लोकांनी या संस्थेच्या हाती पैसे दिले. तिचे कार्यकर्ते कोण, शिबिर कुठे भरते आणि मुलांजवळ कोण असते, हे त्यांना दर उन्हाळ्यात डोळ्यांनी दिसत होते.