वॉल्व्ह सीट : बदलता येणारी व पाण्याने थंड होणारी

अंतर्ज्वलन इंजिनाच्या सिलिंडर हेडमध्ये वॉल्व्ह ज्या कड्यावर टेकून वायूची वाट बंद करतो, ते कडे म्हणजे वॉल्व्ह सीट. ती हेडच्याच धातूत कापून काढता येते किंवा अधिक कठीण धातूचे वेगळे कडे करून हेडमध्ये दाबून बसवता येते. दुसऱ्या प्रकारची सीट झिजली, की तेवढीच काढून नवी घालता येते आणि हेड वाचते. जहाजांवरच्या आणि वीजकेंद्रांतल्या मोठ्या डिझेल इंजिनांत अशा सुट्या सीटभोवती खाच ठेवून तिच्यातून थेट पाणी खेळवतात. मोटारी, टॅक्सी व ट्रकच्या इंजिनात पाणी सीटच्या जवळून जाते, पण तिला शिवत नाही. वाऱ्यावर थंड होणाऱ्या रिक्षाच्या इंजिनात ते नसतेच.

सीटचे काम दुहेरी आहे. ती गळती थांबवते हे सर्वांना ठाऊक असते. ती वॉल्व्हची उष्णता बाहेर नेते, हे मात्र गॅरेजबाहेर फारसे बोलले जात नाही. पेट्रोल इंजिनात एक्झॉस्ट वॉल्व्हचे डोके ७०० ते ८०० अंश सेल्सिअसपर्यंत तापते. त्या उष्णतेचा सुमारे तीन चतुर्थांश भाग सीटमधून हेडमध्ये उतरतो, उरलेला वॉल्व्हच्या दांड्यातून त्याला धरणाऱ्या गाइडकडे जातो. चार-स्ट्रोक चक्र ७२० अंशांचे असते. त्यातले साधारण २४० अंश एक्झॉस्ट वॉल्व्ह उघडा असतो आणि उरलेल्या दोन तृतीयांश काळात तो सीटला टेकून थंड होत असतो. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर ही टेक सेकंदाला २५ वेळा लागते आणि सुटते. टेकण्याचा पट्टा जेमतेम दीड-दोन मिलिमीटर रुंद असतो. त्यावर काजळीचा एखादा कण अडकला, की तिथून तप्त वायू निसटतो आणि धातूत पन्हळ कोरली जाते. वॉल्व्ह जळला असे मेकॅनिक म्हणतो, तेव्हा बहुधा हेच झालेले असते.

मुंबईत हा विषय पाहायचा, तर भांडुप ही योग्य जागा आहे. भांडुप पश्चिमेचा लालबहादूर शास्त्री मार्ग हा उपनगराचा जुना औद्योगिक कणा. सीएटचा टायर कारखाना, जीकेडब्ल्यू, एशियन पेंट्स अशी नावे इथल्या दोन-तीन पिढ्यांच्या नोकरीशी जोडलेली आहेत. मोठ्या कारखान्यांच्या आसऱ्याने औद्योगिक वसाहतींच्या गाळ्यांत लेथ, ग्राइंडर आणि बोअरिंगची कामे वाढली. रिक्षांना परवानगी आहे ती शीवच्या आणि वांद्र्याच्या पुढे, त्यामुळे भांडुपच्या रस्त्यावर रिक्षाही आहे आणि टॅक्सीही. एकीचे इंजिन वाऱ्यावर थंड होणारे, दुसरीचे पाण्यावर. सीटचे दुखणे दोघींना होते, फक्त कारण आणि वेग वेगळा.

जुन्या दोन-स्ट्रोक रिक्षांना हे दुखणे माहीतच नव्हते, कारण त्यांच्या इंजिनात असे वॉल्व्ह नसत. सिलिंडरच्या भिंतीतल्या खिडक्या पिस्टनच उघडत-मिटत असे. चार-स्ट्रोक आणि सीएनजी रिक्षा आल्या, तसे वॉल्व्ह आले आणि त्यांच्यासोबत सीट आल्या. यातल्या अनेक इंजिनांचे ॲल्युमिनियमचे हेड पंख्याच्या वाऱ्याने थंड होते. वॉल्व्हची उष्णता सीटमधून हेडच्या पंखुड्यांवर आणि तिथून हवेत जाते. भर दुपारी सिग्नलला वाहन उभे असते तेव्हा भोवतालची हवाच तापलेली असते आणि जागच्या जागी नुसत्या फिरणाऱ्या इंजिनाचा पंखाही सावकाश चालतो. पंखुड्यांत चिखल-तेलाचा थर साचला असेल, तर सीटचा ताप आणखी वाढतो. रिक्षाचे हेड बाहेरून स्वच्छ ठेवणे हा म्हणून सीटचाच उपचार आहे.

टॅक्सीची गोष्ट अधिक बोधप्रद आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची पद्मिनी १०८९ सीसीचे पाण्याने थंड होणारे इंजिन घेऊन चाले. तिचा ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचे. मऊ ॲल्युमिनियमवर वॉल्व्ह आपटत राहिला तर ते टिकणार नाही, म्हणून अशा हेडला सुटी सीट लागतेच. त्या काळच्या पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग असे. ज्वलनानंतर शिशाच्या क्षारांचा पातळ थर सीटवर बसे आणि वॉल्व्हचा धातू सीटच्या धातूला थेट चिकटू देत नसे. एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या नव्या गाड्यांसाठी शिसेविरहित पेट्रोल आले; १ फेब्रुवारी २००० पासून ते देशभर लागू झाले. डिसेंबर १९९९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने वाहनांच्या प्रदूषणावर व्ही. एम. लाल समिती नेमली आणि पुढच्या काळात शहरातल्या टॅक्सी सीएनजीकडे वळल्या.

शहराची हवा सुधारण्यासाठी हे आवश्यकच होते. पण जुन्या इंजिनांच्या सीटवर त्याचा भार पडला. सीएनजी कोरडा वायू; त्यात शिसे नाही आणि पेट्रोलसारखा बाष्प होताना थंडावा देणारा द्रवही नाही. उघड्या पडलेल्या तप्त धातूंचे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटतात, वॉल्व्ह उचलला की तुटतात आणि कठीण होऊन पुढच्या आघातात सीट खरवडतात. वॉल्व्ह हळूहळू हेडमध्ये आत रुतत जातो. इथे पाण्याचे हेड आणि चांगली सुटी सीट या दोन्ही गोष्टी कामी येतात: पाणी तापमान खाली ठेवते, कोबाल्ट-क्रोमियमयुक्त किंवा चूर्ण-धातूची कठीण सीट खरवड सोसते. ३० ऑक्टोबर २०२३ रोजी शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून निवृत्त झाली. सीएनजी टॅक्सी आणि रिक्षा मात्र रोज धावतच आहेत.

सुटी सीट ही निखळ फायद्याची गोष्ट नाही, हे समजून घेण्यासाठी सांध्याकडे पाहावे लागते. हेडमध्येच कापलेल्या सीटची उष्णता एकसंध धातूतून पाण्यापर्यंत जाते. सुट्या सीटला आधी स्वतःच्या आणि हेडच्या मधला सांधा ओलांडावा लागतो. डोळ्यांना तो घट्ट दिसला, तरी दोन पृष्ठभाग टेकलेले असतात ते फक्त उंचवट्यांवर. मधल्या सूक्ष्म पोकळ्यांतली हवा उष्णता अडवते. भोक ओबडधोबड बोअर केले असेल, तर महागातली सीटही वॉल्व्ह जाळते. म्हणूनच या कामात सीटच्या किमतीपेक्षा बोअरिंग करणाऱ्याचा हात महत्त्वाचा ठरतो.

या घट्टपणाचा हिशेब पाहण्यासारखा आहे. ४० मिलिमीटर व्यासाची लोखंडी सीट ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये बसवली आणि इंजिन १५० अंशांनी तापले, तर ॲल्युमिनियमचे भोक लोखंडी कड्यापेक्षा सुमारे ०.०७ मिमी जास्त पसरते, कारण ॲल्युमिनियमचे प्रसरण लोखंडाच्या जवळपास दुप्पट आहे. त्यामुळे सीट भोकापेक्षा सुमारे ०.१ मिमी मोठी ठेवावी लागते. नाहीतर तापल्यावर ती सैल होऊन गळून पडेल. मोठे कडे लहान भोकात ठोकून घातले, तर भोकाच्या कडा सोलल्या जातात. त्यावर उपाय तापमानाचा. हेड भट्टीत १२० अंशांनी तापवले की भोक ०.११ मिमी पसरते. सीट उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये बुडवली की ती ०.०८ मिमीच्या आसपास आकसते. चिमट्यात धरलेली, पांढरे धुके सोडणारी सीट मग भोकात आपल्या वजनानेच उतरते. काही सेकंदांत दोन्हींचे तापमान जुळू लागते आणि हेड तिला आवळते. त्या सेकंदांत ती तिरकी राहिली, तर दुसरी संधी मिळत नाही. जुनी सीट काढताना उलट युक्ती वापरतात: तिच्या आतल्या बाजूला वेल्डिंगची रेघ ओढतात, ती रेघ थंड होताना कड्याला आत खेचते आणि सीट हातानेही निघते.

इंजिन मोठे झाले की हा सांधा परवडेनासा होतो. मध्यम गतीच्या मोठ्या डिझेल इंजिनाच्या एकेका सिलिंडरचा व्यास ३००-४०० मिमी असतो. हेड जाड असते, कारण ज्वलनाचा दाब सोसायचा असतो. आणि धातू जितका जाड, तितके पाणी सीटपासून दूर. शिवाय अशी इंजिने बहुधा जड इंधनावर, आपल्याकडच्या बोलीत फर्नेस ऑइलवर, चालतात. त्या तेलात व्हॅनेडियम आणि सोडियम असते. ज्वलनानंतर त्यांचे मिश्र क्षार तयार होतात आणि ते साडेपाचशे अंशांच्या आसपासही वितळू शकतात. वितळलेला क्षार वॉल्व्हच्या पट्ट्यावर चिकटला, की धातूवरचा रक्षक थर विरघळवून टाकतो. त्यामुळे पट्ट्याचे तापमान या मर्यादेच्या बरेच खाली ठेवणे, ही अशा इंजिनाची मूलभूत गरज आहे आणि सीटमधूनच पाणी नेण्यामागचे खरे कारण हेच आहे.

रचना तत्त्वतः सोपी आहे. सीटच्या बाहेरच्या अंगाला कंकणाकृती खाच असते. ती हेडमध्ये बसली, की खाच आणि भोकाची भिंत यांच्यात पाण्याची वाट तयार होते. हेडमधल्या छिद्रातून पाणी एका बाजूने येते, सीटला वळसा घालून दुसऱ्या बाजूने निघते. खाचेच्या एका अंगाला घट्ट बसवलेला धातू पाणी अडवतो, दुसऱ्या अंगाला रबराची ओ-रिंग. वार्टसिला व्हासा ३२ या इंजिनाच्या एक्झॉस्ट सीट अशा थेट पाण्याने थंड होतात. ही कंपनी महाराष्ट्राला खोपोलीच्या कारखान्यामुळे परिचित आहे. जहाजांच्या अजस्र दोन-स्ट्रोक इंजिनांत सबंध एक्झॉस्ट वॉल्व्ह आपल्या घरट्यासह हेडवरून उचलता येतो. त्याचा खालचा, सीट असलेला भाग वेगळा असतो, पाण्याने थंड केलेला असतो आणि बदलता येतो. सुल्झर आरटीए मालिकेत सीटच्या जाड कड्याला तिरकी छिद्रे पाडून पाणी पट्ट्याच्या अगदी जवळ नेले आहे. जाड धातूने दाब सोसायचा आणि बारीक छिद्रांतल्या पाण्याने ताप वाहून न्यायचा, अशी ही विभागणी आहे.

सुटे, पाण्याने थंड होणारे वॉल्व्ह-पिंजरे ही कल्पना नवी नाही. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या मोठ्या गॅस इंजिनांत तर एक्झॉस्ट वॉल्व्हच पोकळ करून त्यातून पाणी नेत. महाराष्ट्रातल्या शेतीच्या इंजिनांनी हा मार्ग घेतला नाही. साताऱ्याच्या कूपरची आणि खडकीच्या किर्लोस्करांची इंजिने भक्कम बिडाच्या हेडवर चालत. वॉल्व्ह पेस्ट लावून घासला, की सीट पुन्हा बसे. उसाच्या मळ्यावर त्याहून जास्त काही लागत नव्हते.

पाणी सीटमध्ये आणले, की नवे प्रश्न उभे राहतात. पहिला ओ-रिंगचा. ती ज्वलनकक्षापासून काही मिलिमीटरवर बसलेली असते. पाणी वाहते तोवर ती सुरक्षित. प्रवाह अडला की कडक होते, चिरते आणि पाणी सिलिंडरमध्ये किंवा एक्झॉस्टमध्ये उतरते. म्हणून सीट काढली की ओ-रिंग नवीच घालायची आणि हेड इंजिनावर चढवण्याआधी पाण्याच्या दाबाने तपासायचे, हा नियम आहे. इंजिन सुरू करण्यापूर्वी सिलिंडरवरच्या लहान तोट्या, म्हणजे इंडिकेटर कॉक, उघडे ठेवून ते फिरवण्याची सागरी शिस्तही याच भीतीतून आली. कॉकमधून पाण्याचा फवारा आला, तर इंजिन चालू करायचे नाही; पाणी दबत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो.

दुसरा प्रश्न पाण्याचाच. भांडुपच्या जलशुद्धीकरण केंद्रातून मुंबईला मिळते ते धरणांचे, कमी क्षारांचे पाणी. तरीही त्यात क्लोरीन आणि विरघळलेला प्राणवायू असतो, म्हणून ते जसेच्या तसे इंजिनात भरणे योग्य नाही; गंजरोधक मिसळावे लागते. किनाऱ्यालगतचे बोअरचे पाणी खारट असू शकते आणि त्याने सीटची अरुंद खाच लवकर चोंदते. चुन्याच्या खपल्यांतून उष्णता बिडाच्या तुलनेत विसाव्या हिश्श्यानेच किंवा त्याहूनही कमी वाहते, म्हणजे एक मिलिमीटरचा थर वीस मिलिमीटर जादा बिडासारखा आड येतो. उलट पाणी फार थंड ठेवले, तर इंधनातल्या गंधकाचे आम्ल सीटभोवती जमून धातू खाते. म्हणून पाणी इंजिनातून ८० ते ९० अंशांच्या दरम्यान बाहेर पडेल असे राखतात.

लहान इंजिनांच्या बाबतीत निर्णय स्पष्ट आहे. मोटारीच्या ३०-४० मिलिमीटरच्या सीटमध्ये खाच आणि दोन सांधे सामावण्याएवढी जागा नसते, हेडमधले पाणी जवळ असते आणि इंधन स्वच्छ असते. तिथे नीट बोअर केलेली, योग्य धातूची घट्ट सीट पुरेशी आहे. सीएनजीवर गाडी चालवणाऱ्यांनी एक खूण मात्र ध्यानात ठेवावी. सीट झिजून वॉल्व्ह आत रुतू लागला, की टॅपेटमधली, म्हणजे वॉल्व्हचा दांडा आणि त्याला ढकलणारा भाग यांच्यातली, फट कमी होते आणि टॅपेटचा आवाज वाढण्याऐवजी बंद होतो. इंजिन शांत झाले म्हणून समाधान न मानता त्या वेळी फट मोजून घ्यावी. फट शून्यावर गेल्यावर वॉल्व्ह सीटला टेकतच नाही आणि थोड्याच दिवसांत जळतो.