नागपुराहून उत्तरेकडे

फाल्गुनांत हिंगणीच्या आसपास पळस फुलला, म्हणजे प्रस्तुत लेखकास दुसऱ्याच एका रस्त्याची आठवण होते. हिंगणी हें वर्धा जिल्ह्यांतील, बोर धरणाजवळचें, सागाच्या रानाच्या कडेचें गांव. आगगाडी नव्हती त्या काळीं या बाजूच्या मनुष्यास काशी-प्रयागास जावयाचें तर आधीं नागपूर गांठावें लागे, आणि तेथून पुढें जबलपूरची वाट धरावी लागे. त्या वाटेचा पळस आमच्याकडच्यासारखाच; इतिहास मात्र निराळा.

उजवीकडे रामटेकचा डोंगर ठेवून मनसर सोडलें, कीं देवलापार, खवासा, आणि मग कुरईचा घाट चढून शिवनी. साग, मोह, तेंदू यांच्या दाटींतून रस्ता वळणें घेत वर जातो. पुढें लखनादौनचें पठार, आणि अखेर तिलवाराघाटीं नर्मदेचें विशाल दर्शन. नागपूर ते जबलपूर हें अंतर सुमारें पावणेतीनशें किलोमीटर. पायीं चालणारास दहाबारा मजला सहज लागत. किपलिंगनें १८९४ सालच्या आपल्या ‘जंगल बुक’मध्यें लांडग्यांत वाढलेला मोगली याच शिवनीच्या डोंगरांत ठेवला आहे.

परंतु या वाटेवर लांडग्याहून माणसाचें भय अधिक होतें. भोसल्यांच्या नोकरींतून कमाई घेऊन घरीं परतणारे उत्तरेकडील शिपाई, सावकारांचा पैसा नेणारे, यात्रेकरू, असे सर्व येथून जात. ठग सज्जन सोबती म्हणून त्यांच्यांत मिसळत, दिवसचे दिवस बरोबर चालत, एका पालाखालीं जेवत. मग एखाद्या आमराईंत तमाखूचें निमित्त होऊन इशारा मिळे, आणि रुमाल गळ्याभोंवतीं पडे. प्रेतें तेथेंच पुरलीं जात. अशा जागांस त्यांच्या बोलींत वेगळें नांव होतें, आणि कबुलीजबाबांत लखनादौनचें नांव येतें. मार्गस्थ महिनोन् महिने परत येत नसे. म्हणून तो नाहींसा झाला ही शंका घरीं येण्यासच वर्ष लोटे. आणि तेव्हांही चौकशी करावी कोणाकडे? एक राज्य सरून दुसरें कोठें लागतें हेंच निश्चित नव्हतें.

स्लीमन हा १८२२ ते १८२४ पर्यंत या रस्त्याच्या पश्चिमेस नरसिंगपूर येथें अधिकारी होता. आपल्या कचेरीपासून चारशें यार्डांवरील कंदेली गांवांत ठगांची वस्ती होती, हें त्यास पुढें कळलें, आणि तें त्यानें स्वतःच लिहून ठेविलें आहे. फिरंगिया हा ठगनायक हातीं लागून माफीचा साक्षीदार झाल्यावर पुरलेलीं प्रेतें उकरून दाखविण्यांत आलीं. ठगांचा एकच धर्मपंथ होता, हें स्लीमनचें मत आजचे इतिहासकार जसेंच्या तसें मानीत नाहींत. फांशीच्या भयानें दिलेल्या जबानींत किती भर घातलेली असेल, हा त्यांचा प्रश्न रास्तच आहे. पण उकरलेलीं हाडें जबानी नव्हत.

नागपूरकरांचें एक दुःख याच वाटेनें गेलें. नोव्हेंबर १८१७ मधील सीताबर्डीच्या पराभवानंतर पदच्युत झालेल्या आप्पासाहेब भोसल्यांस इंग्रजांनीं मे १८१८ त प्रयागाकडे रवाना केलें. जबलपूर एक मजल राहिलें असतां, १३ मेच्या सुमारास, राजा शिपायाच्या वेषांत पहाऱ्यांतून निसटला. कांहीं शिपाईच फितले होते. महादेवाच्या डोंगरांत गोंडांनीं त्यास आश्रय दिला. पण नागपूर त्यास पुन्हां दिसलें नाहीं. पुढें तो अशीरगडाकडे, तेथून पंजाबांत भटकत गेला, आणि १८४० त जोधपुरास वारला.

१८६७ त नागपुरास आणि १८७० त जबलपुरास मुंबईची गाडी पोंचली. नागपूरकर यात्रेकरू भुसावळचा वळसा घेऊन काशीस जाऊं लागला (उत्तरेस जाण्यासाठीं आधीं पश्चिमेस!), आणि जुन्या वाटेवरील पांथस्थांची गर्दी ओसरली.

आतां तेथून चौपदरी महामार्ग गेला आहे. पेंचच्या रानांतून तो नेतांना मनसर-खवासा या टापूंत जनावरांसाठीं नऊ ठिकाणीं रस्ता उचलून खालून वाट ठेविली आहे. त्यांतील सर्वांत लांब ७५० मीटरची. या वाटांवरील कॅमेऱ्यांत वाघांचीं छायाचित्रें मिळालीं आहेत. रात्रीं वरून मालमोटारी जातात, आणि त्याच वेळीं खांबांच्या सांवलींतून वाघ रस्ता ओलांडून पलीकडच्या रानांत शिरतो.