झिलईची वजाबाकी

मराठीत 'झिलई' आणि 'जिल्हई' अशी एकाच शब्दाची दोन रूपे चालतात आणि दोहोंचे मूळ अरबी 'जिला' या शब्दात आहे. तलवारी-कट्यारींना जिल्हई देणारा तो शिकलगार. त्याच्या नावातला 'शिकल' म्हणजे अरबी 'सैकल', अर्थात घासून उजळणे. चमकण्याचा आणि घासण्याचा जुना संबंध भाषेने असा नीट जपून ठेवला आहे. आजच्या बोलण्यात मात्र आपण गाडीला पॉलिश 'मारतो', 'लावतो', क्वचित 'चढवतो'. या क्रियापदांनी एक गैरसमज रूढ केला आहे. कल्हई भांड्यावर चढते, मुलामा दागिन्यावर चढतो. झिलई तशी चढत नाही. पृष्ठभागाचा खडबडीतपणा काढून टाकल्यावर जे उरते ती झिलई. चकाकी ही वजाबाकी आहे, आणि प्रत्येक वजाबाकीला मूळ रकमेची मर्यादा असते. मोटारीच्या रंगाचा इतिहास या दृष्टीने पाहिला, तर त्यात वऱ्हाडच्या शेतीचा एक विसरलेला धागाही सापडतो.

आधी आजचे काम पाहू. अमरावतीत बडनेऱ्याकडे किंवा अकोल्यात महामार्गाच्या कडेने जाताना गाड्या धुण्याच्या व पॉलिशच्या पाट्या जागोजागी दिसतात. आत चालणारे काम थोडक्यात असे. गाडी धुऊन, पुसून, रबरी पट्ट्यांवर चिकटपट्टी लावून झाकतात. मग विजेच्या मशीनच्या फिरत्या चकतीवर मेंढीच्या लोकरीचे किंवा स्पंजाचे पॅड बसवून त्यावर 'कंपाउंड' घेतात. कंपाउंड म्हणजे लुकणात किंवा पातळ मलमात कालवलेली अतिशय बारीक व कठीण पूड. या पुडीने रंगाचा वरचा पापुद्रा झिजतो, ओरखड्यांच्या कडा बोथट होतात आणि शेवटी ओरखड्यांचा तळ हाच नवा पृष्ठभाग होतो. त्यानंतर आणखी बारीक पुडीचे पॉलिश, आणि सर्वांत शेवटी मेण. ओरखड्यांवर प्रकाश विखुरतो म्हणून रंग फिका व धुरकट दिसतो. सपाट पृष्ठभागावरून तो एकाच दिशेने परततो म्हणून रंग खोल दिसतो. मशीन रंग देत नाही, तो दिसण्यातला अडथळा दूर करते. मेणाचे काम निराळे आहे. ते संरक्षण देते, थोडी ओल भासवते. पण खाली घासलेले नसेल तर मेणाखाली ओरखडे तसेच राहतात.

हा क्रम वऱ्हाडला नवा नाही. पोळ्याच्या आधी बैलांची शिंगे साळतात, म्हणजे वरचा मळकट, चिरफाळलेला थर तासून काढतात. मग त्यांना तेल, हिंगूळ किंवा रंग लावतात आणि वर बेगड चिकटवतात. आधी कापणे, मग लेप, मग शोभा. बंडी आणि दमणी ओढणाऱ्या जनावराला वर्षातून एकदा जे मिळे, तेच आज दसऱ्याच्या आधी मोटारीला मिळते.

मोटारगाडी जन्मली तेव्हा तिचा रंग घोडागाडीच्या कारागिरांकडूनच आला. त्या रंगाचा आत्मा म्हणजे जवसाचे तेल. जवसाचे तेल पाण्यासारखे वाळत नाही. हवेतला प्राणवायू शोषून त्याचे रेणू एकमेकांत गुंततात आणि त्याची घट्ट, चिवट साय बनते. त्यात राळेसारखे पदार्थ शिजवले की वॉर्निश तयार होई. एकावर एक अनेक थर द्यायचे, प्रत्येक थर दिवसचे दिवस वाळू द्यायचा, मग प्यूमिस दगडाच्या पुडीने पाण्याखाली घासायचा आणि पुढचा थर द्यायचा. एक गाडी रंगवून बाहेर पडायला आठवडे लागत. विदर्भाच्या काळ्या जमिनीत जवस हे रब्बीचे जुने पीक आहे. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या नागपूर येथील केंद्रात त्यावर आजही संशोधन चालते आणि 'पीकेव्ही एनएल २६०' हा वाण तिथलाच. जवसाची चटणी आपल्या जेवणात राहिली. युरोपातल्या कारखान्यांना मात्र भारतातून प्रामुख्याने बी गेले, आणि तेथून ते वॉर्निश व रंग होऊन डब्यांतून जगभर फिरले.

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अमेरिकेत फोर्डच्या कारखान्यात मोटार काही तासांत जुळू लागली, पण रंग वाळायला लागणारा वेळ तसाच राहिला. १९१४ ते १९२५ या काळात फोर्डची 'मॉडेल टी' फक्त काळ्या रंगात मिळे, यामागे भट्टीत भाजून लवकर वाळणाऱ्या काळ्या लेपाची सोय हे एक कारण होते. इतर रंगांची कोंडी फुटली ती १९२३-२४ मध्ये. ड्यूपाँ कंपनीने तयार केलेला 'ड्यूको' नावाचा लेप जनरल मोटर्सच्या 'ओकलंड' गाडीवर प्रथम आला. तो आठवड्यांऐवजी तासांच्या हिशेबाने वाळे, फवाऱ्याने मारता येई आणि निळा, हिरवा, तांबडा अशा कोणत्याही रंगात मिळे. रंगीत मोटारींचे युग इथून सुरू झाले.

हा ड्यूको कशाचा होता? कापसाचा. बाझेलच्या श्यॉनबाइन या रसायनशास्त्रज्ञाने १८४६ मध्ये कापूस नत्राम्ल व गंधकाम्लाच्या मिश्रणात बुडवून एक स्फोटक पदार्थ मिळवल्याचे जाहीर केले होते. दिसायला तो कापसासारखाच, पण ठिणगी लागताच क्षणात जळणारा. पुढे त्यापासून बिनधुराची बंदुकीची दारू झाली. पहिल्या महायुद्धात ड्यूपाँने ती प्रचंड प्रमाणात बनवली. १९१८ साली युद्ध संपले आणि मोठी उत्पादनक्षमता रिकामी पडली. तोच रासायनिक कापूस द्रावकात विरघळवून, रंगद्रव्ये मिसळून मोटारीवर फवारता येतो, हे उमगले तेव्हा तोफेचा कापूस बॉनेटवर आला. सरकी काढल्यावर तिच्यावर उरणारे अगदी आखूड तंतू, जे कातता येत नाहीत, ते या कामाला उत्तम ठरले. नाव मात्र त्याने आपल्याकडून नेले. इंग्रजीत अशा लेपाला जो सामान्य शब्द आहे, 'लॅकर', तो आपल्या लाखेवरून पोर्तुगीजांमार्फत तिकडे गेलेला. पळस, बोर, कुसुम यांच्या फांद्यांवर किडा जी लाख करतो, ती या नव्या लॅकरमध्ये नव्हती.

वऱ्हाडचा वाचक इथे थांबून विचार करील. १८५३ च्या करारानंतर निजामाकडून इंग्रजी अंमलाखाली आलेला हा मुलूख कापसासाठीच हवा होता. १८६१ ते ६५ या अमेरिकेतील यादवीच्या काळात लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला आणि इथल्या कापसाचे भाव चढले. अकोला-बडनेऱ्यावरून जाणारा लोहमार्ग १८६७ पर्यंत नागपूरला पोहोचला. मुंबई-लिव्हरपूलच्या बाजारात इथल्या कापसाचे नावच मुळी 'ऊमरा' पडले होते. उमरावती या गावाच्या नावाचा तो व्यापारी अपभ्रंश. ड्यूकोमधला कापूस वऱ्हाडचा होता असे म्हणता येणार नाही; अमेरिकेला तो घरचाच पुष्कळ होता. पण जवस आणि कापूस या काळ्या जमिनीच्या दोन पिकांवर मोटारीच्या चकाकीची पहिली दोन युगे उभी राहिली, एवढे निश्चित. या पिकांच्या प्रदेशातून गाठी आणि पोती बाहेर गेली, आणि चकाकी डबाबंद होऊन परत आली. सुताराच्या व गॅरेजच्या बोलीत 'ड्यूको' हा शब्द आजही जिवंत आहे, पण त्याचे कापसाशी नाते आहे हे कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्यातही क्वचितच कोणाला ठाऊक असते.

ड्यूकोमुळेच मोटारीच्या पॉलिशला धंद्याचे रूप आले. तेली वॉर्निश वाळताना आपोआप पसरून चकचकीत होई. फवारलेला ड्यूको वाळला की मंद दिसे. त्याला घासूनच उजळावे लागे, आणि उन्हात काही महिने गेले की पुन्हा घासावे लागे. १९२१ मध्ये अमेरिकेत पाण्यात भिजवून वापरता येणारा घासकागद निघाला होता. आपल्या गॅरेजांतला 'वॉटर पेपर' तो हाच. त्याच्यावरील काळी पूड बहुधा कार्बोरंडमची असते. १८९१ च्या सुमारास अ‍ॅचेसनने विजेच्या भट्टीत हा पदार्थ तयार केला आणि 'कार्बन' व 'कोरंडम' या शब्दांच्या सांध्यातून त्याला नाव दिले. यातला कोरंडम म्हणजे आपला कुरुंद. तमिळ-संस्कृतातून इंग्रजीत गेलेला शब्द. कुरुंदाची पूड वितळलेल्या लाखेत कालवून तिची चाके करणे आणि त्यांवर रत्ने घासणे हे भारतीय कारागिरांचे जुने तंत्र होते. आजच्या मोटार-कंपाउंडमध्ये जी अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडची पूड असते, ती रासायनिकदृष्ट्या कुरुंदच.

हातात धरता येणारे विजेचे छिद्रयंत्र जर्मनीतल्या फाइन कंपनीने १८९५ मध्ये केले. त्याच वंशातून पुढे घासण्याची व झिलईची यंत्रे आली. आपल्याकडे मात्र अँबॅसडर आणि पद्मिनीच्या काळात हे काम बहुतांशी हातानेच होत राहिले. चिंधी घ्यायची, तिच्यावर कंपाउंड घ्यायचे आणि बाह्या सरसावून पत्रा घासायचा. त्या काळाची एक खूण कारागीर अचूक सांगतात. निळ्या गाडीचे फडके निळे होई, तांबडीचे तांबडे. रंगद्रव्य अगदी वरच्या थरात असल्याने झिजणारा रंग डोळ्यांना दिसे. वजाबाकीचा हिशेब फडक्यावर लिहिलेला असे, आणि हात आपसूक थांबे.

१९८० च्या दशकात जगभर, आणि आपल्याकडे पुढे नव्या गाड्यांबरोबर, रंगाची रचनाच बदलली. खाली रंगाचा पातळ थर आणि त्यावर निराळा पारदर्शक थर. या पारदर्शक थराचा जवसाशी किंवा कापसाशी संबंध उरला नाही. तो खनिज तेलाच्या रसायनांतून येतो. चकाकीचे मूळ शेतातून तेलशुद्धी कारखान्यात गेले. हा थर जास्त कठीण आणि टिकाऊ असतो, उन्हातल्या अतिनील किरणांना तो अडवतो. पण त्याची जाडी असते साधारण चाळीस-पन्नास मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाहूनही कमी. जाड कंपाउंड आणि लोकरीचे पॅड घेऊन केलेल्या एका फेरीत त्यातले काही मायक्रॉन सहज जातात. आणि आता फडके पांढरेच राहते. भांडवल खर्च होत असते, पण ते दिसत नाही.

यंत्राच्या गतीने ही अडचण वाढवली. एकाच आसाभोवती फिरणारे मशीन मिनिटाला हजार ते दोन हजार फेरे घेते. दाराच्या कडेवर ते क्षणभर जास्त रेंगाळले तरी उष्णतेने थर फाटतो आणि खालचा रंग किंवा अस्तर उघडे पडते. म्हणून अलीकडे फिरता फिरता कक्षेतही झुलणारे, दुहेरी गतीचे मशीन पसंत केले जाते. ते सावकाश कापते आणि चूक करायला कमी वाव देते. रंगाची जाडी मोजणारे छोटे उपकरणही मिळते. सकाळच्या सावलीत, थंड पत्र्यावर, आधी जाडी मोजून काम करणारा माणूस हा खरा जाणकार.

या जाणतेपणाची गरज वऱ्हाडात इतर ठिकाणांहून जास्त आहे. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि उन्हातला पत्रा त्याहून कितीतरी तापतो. मधमाशांचे मेण ६२ ते ६४ अंशांना वितळते, म्हणून त्याचा इथे निभाव लागत नाही. ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या कार्नोबा ताडाच्या पानांवरचे मेण ८२ अंशांच्या पुढे वितळते, ते तग धरते. दुसरा शत्रू म्हणजे धूळ. गाडीवर बसलेली धूळ कोरड्या फडक्याने झटकायची आपली सवय हीच कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक ओरखड्यांची जननी. तिसरा शत्रू खास इथला. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलढाणा जिल्ह्यांतून खारपाणपट्टा पसरला आहे. तिथल्या बोअरच्या पाण्याने गाडी धुऊन उन्हात वाळवली की थेंबाथेंबाला क्षाराचे पांढरे कडे उरते आणि पारदर्शक थरात रुतते. मग ते काढायला मशीन, म्हणजे पुन्हा वजाबाकी. जे पाणी जमिनीला नापीक करते तेच इथे पत्र्याची झीज करते.

शिकलगाराला समाजाने निदान एक नाव दिले होते. मशीन धरणाऱ्या माणसासाठी मराठीत अजून तेवढेही नाही. तो 'पॉलिशवाला' असतो, नाहीतर नुसता 'पोरगा'. वास्तविक त्याचे काम इथल्या इतिहासात वेगळे आहे. जवस, कापूस ही पिके झिलई होण्यापूर्वीच या प्रदेशातून बाहेर जात राहिली. डबा, पॅड आणि मशीन आजही बाहेरून येतात, पण घासायचे किती आणि थांबायचे कुठे हा निर्णय इथल्याच हाताचा असतो. त्या निर्णयाची किंमत मात्र दरपत्रकावर कुठेच लिहिलेली नसते. तिथे गाडीच्या आकाराप्रमाणे दर असतो, आणि जास्त घासून जास्त चमकवणाऱ्याचे कौतुक होते. ज्याने मोजून पाहिले आणि 'या दारावर आता मशीन नको, नुसते मेण लावा' असे सांगितले, त्याची मजुरी बुडते. ती बुडू न देणे हे गाडीमालकाचे काम आहे.