माळ, कुरण व गायरान : एक इतिहास

ग्रामदैवत श्री बिरोबाच्या मंदिराचा जीर्णोद्धार पूर्ण होत असताना, ज्या माळावर देवाचे ठाणे आहे त्या माळाचा इतिहासही ग्रामस्थांना व देणगीदारांना ठाऊक असावा, या हेतूने पुढील माहिती दिली आहे.

सोलापूर जिल्ह्यात पाऊस वर्षाला सरासरी ५०० ते ६०० मि.मी., तोही बेभरवशाचा. उथळ, मुरमाड जमिनीत दाट अरण्य वाढत नाही. वाढते ते गवत. पवन्या, मारवेल, कुसळी ही गवते ठोंबाठोंबाने वाढतात. उन्हाळ्यात पाते वाळते, पण मूळ जिवंत राहते व मृगाच्या पावसाबरोबर पुन्हा फुटते. हीच मुळे माती धरून ठेवतात, पाणी जिरवितात. खिलार बैल, दख्खनी मेंढरे आणि मराठी फौजांची भीमथडी तट्टे याच गवतावर पोसली गेली. मेंढपाळांचे दैवत माळावर असावे यात नवल ते काय!

माळ म्हणजे तोडून उजाड झालेले जंगल, असा समज पुष्कळांचा असतो. आशीष नेर्लेकर व दिग्विजय पाटील या अभ्यासकांनी तेराव्या शतकापासूनचे मराठी साहित्य, ओव्या व दैवतकथा तपासल्या. त्यांत काटेरी, विरळ झाडांचे व उघड्या माळाचे उल्लेख वारंवार आले. पश्चिम महाराष्ट्रातील माळ निदान साडेसातशे वर्षांचे जुने आहेत, असा निष्कर्ष त्यांनी २०२५ साली मांडला.

मग माळ ‘पडीक’ कसा ठरला? इंग्रजी अमलात १८३५-३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासून गोल्डस्मिड व विंगेट यांनी नवी मोजणी व साराबंदी सुरू केली. जमिनीची प्रत पाहून सारा बसे. नांगराखाली न येणारी जमीन कागदोपत्री ‘खराबा’ झाली. गवताचे मोल साऱ्यात दिसत नव्हते, म्हणून ते हळूहळू लोकांच्याही नजरेतून उतरले.

तरीही गावाच्या गुरांसाठी गायराने राखण्याची रीत टिकली. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २२ प्रमाणे मोफत चराईसाठी नेमून दिलेली जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय दुसऱ्या कामी लावता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २८ जानेवारी २०११ च्या निकालात गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याची योजना आखण्याचे आदेश सर्व राज्यांना दिले.

१९७२ च्या दुष्काळानंतर अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमातून नान्नज भागात चराईबंदीचे पट्टे राखले गेले. गवत पुन्हा उभे राहिले. काळवीट व माळढोक दिसू लागले. १९७९ साली सोलापूर व अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यांत ८,४९६ चौ.कि.मी.चे माळढोक अभयारण्य जाहीर झाले. त्यात शेते, गावे, बाजारपेठाही आल्याने जमिनीच्या व्यवहारांवर निर्बंध आले व लोकांची नाराजी ओढवली. २०१२ साली क्षेत्र १,२२२ चौ.कि.मी. करण्यात आले. मात्र मधल्या काळात माळढोक जवळजवळ नाहीसा झाला. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. माळ नांगरला, विजेच्या तारा आल्या, की त्याला ठाव उरत नाही. आज देशभरात हे पक्षी दोनशेहूनही कमी आहेत.

या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते. माळाचे रक्षण केवळ मोठ्या अभयारण्याने होत नाही. गावाने आपले गायरान राखले, तर गुरांचा चारा, विहिरीचे पाणी व माळावरचे जीव यांचे एकदमच रक्षण होते.

देवकार्यानिमित्त वृक्षारोपण करण्याची इच्छा अनेक देणगीदारांची असते. ती स्तुत्यच आहे. परंतु झाडे मंदिराच्या आवारात, रस्त्याकडेला, ओढ्याकाठी लावावीत. मोकळ्या माळावर गिरिपुष्पाची गर्दी करू नये. त्याच्या सावलीत गवत मरते, आणि दाट झाडीत माळढोक राहत नाही. त्याऐवजी गायरानाची मोजणी करून हद्दीचे दगड रोवावेत, काही भाग आळीपाळीने चराईबंद ठेवावा, बी पडल्यावरच गवत कापावे व उघड्या जागी मारवेलचे ठोंब लावावेत. याला फार पैसा लागत नाही. गावाची एकी मात्र लागते.

जी एकी मंदिराच्या जीर्णोद्धारात दिसली, तीच माळाच्या कामीही दिसो, हीच श्री बिरोबाचरणी प्रार्थना.